फ्यू, अ फ्यू आणि आमचे सर

पाचवीत एबीसीडी गिरवायला घेतलेली आमची पिढी. आठवीत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर ‘फ्यू, अ फ्यू, द फ्यू’ लिहिलं, तेव्हा आमच्या लेखी ते तिन्ही ‘थोडे’च होते. गाईडातल्या व्याख्या तोंडपाठ होत्या, पण रिकाम्या जागा भरताना सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

एकदा धो धो पाऊस लागला, ओढ्याला पाणी आलं आणि वर्गात जेमतेम सहा-सात डोकी उरली. सर म्हणाले, “हेडसर हजेरी बघून म्हणतील, फ्यू स्टुडंट्स. म्हणजे कुणी आलंच नाही म्हणा ना! मी म्हणेन, अ फ्यू. चला, शिकवण्यापुरती आहेत. आणि तुम्हाला घरी सोडलं की ‘द फ्यू’ गेले, म्हणजे होती नव्हती तेवढी सगळी.” डोकी तेवढीच, बोलणाऱ्याचा सूर वेगळा. लिटल आणि अ लिटल मग वेगळं शिकवावं लागलं नाही.

मच-मेनीवर मात्र जुंपायची. मोजता येतं त्याला मेनी, असं सरांनी सांगताच किराणावाल्याचा मुलगा उठला, “सर, पैसे तर आम्ही रोज मोजतो!”

“तू रुपये मोजतोस. वन रुपी, टू रुपीज होतं. वन मनी, टू मनी म्हणून बघ.”

केसांचंही तसंच. मराठीत ते अनेकवचनी, इंग्रजीत डोकंभर केसांना मिळून एक हेअर. डब्यातल्या भाजीत सापडला, तरच ‘अ हेअर’.

२० ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश संसदेत वैमानिकांविषयी बोललेलं चर्चिलचं वाक्य सर ठसक्यात म्हणून दाखवायचे. इतक्या थोड्यांचं इतक्या साऱ्यांवर इतकं ऋण कधीच नव्हतं, असा त्याचा अर्थ. “माणूस आवडो न आवडो, वाक्य घ्या!” ऋण ‘सो मच’, ऋणी ‘सो मेनी’ आणि ज्यांचं ऋण ते ‘सो फ्यू’. ‘सो’ आल्यावर ‘अ’ला तिथे जागाच नाही.

लेस आणि फ्यूअरच्या बाबतीत सर फारच सोवळे. मोजता येतं त्याला फ्यूअर, न मोजता येणाऱ्याला लेस. पुढे वाचनात आलं, की रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने १७७० मध्ये हा भेद मांडला, तोही स्वतःची पसंती म्हणून. त्याआधी शतकानुशतकं इंग्रज लोक मोजण्याजोग्या वस्तूंनाही बिनदिक्कत लेस लावत. २००८ मध्ये तिकडच्या टेस्को दुकानांनी थोड्या वस्तूंच्या बिलाच्या रांगेवरची ‘टेन आयटम्स ऑर लेस’ची पाटी बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ केली. वादच मिटला. सरांना ही पळवाट मुळीच चालली नसती. त्यांनी त्या पाटीवर लाल शाईने ‘फ्यूअर’ लिहून अर्धा गुण कापला असता.