तुम्ही विचारलंत म्हणून: बेस कुठला घ्यायचा आणि कुठून?

‘दादानू, बेस खयचो घेवचो आणि खयसून?’

कुडाळ-कणकवलीकडे ऑर्केस्ट्रात बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार, वाजवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. कार्यक्रम संपला, वायरी गुंडाळायला घेतल्या की एखादा मुलगा हळूच पुढे येतो. घरी साधी गिटार असते, चर्चच्या क्वायरमध्ये किंवा गावच्या मंडळात वाजवत असतो, आता बेसकडे वळायचं असतं. हल्ली मुलीही विचारतात. कधी आईवडिलांचा फोन येतो, कारण पैसे त्यांचे जाणार असतात. स्टेजमागे उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन माझं समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सगळे आधी ‘कुठला’ विचारतात आणि मग ‘कुठून’. मी म्हणेन, आधी दुकान ठरवा, बेस नंतर. कंपनीच्या नावावर रात्र रात्र घालवणारी मुलं दुकानात मात्र पाच मिनिटांत खोका उचलून बाहेर पडतात, आणि पुढचं वर्षभर आवाजावरून चिडचिड करत राहतात.

बेसचा आवाज घरबसल्या कळत नाही. चार तारांच्या बेसवरची सगळ्यात जाड तार, म्हणजे खालच्या ई सुराची, सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. गिटारचा खालचा ई त्याच्या दुप्पट, ८२ च्या आसपास. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा सूर बाहेर पडतच नाही. त्याच्या दुपटी-तिपटीचे वरचे स्वर तेवढे ऐकू येतात आणि तळाचा सूर आपला मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ बघून ‘ह्याचा आवाज काय भारी’ असं कुणी म्हणतं, तेव्हा त्या बेसचा तळ त्याने ऐकलेलाच नसतो. चांगले हेडफोन लावले तर थोडा अंदाज येतो. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस मी लहानपणी ट्रान्झिस्टरवर ऐकत होतो. तीच गाणी पुढे मोठ्या स्पीकरवर ऐकली तेव्हा गाण्याखाली कुणीतरी आणखी एक चाल गातंय हे पहिल्यांदा लक्षात आलं. मी बेसकडे वळलो तो तिथून.

दुकानातसुद्धा जपून ऐकावं लागतं. ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते, त्यामुळे छोट्या खोलीत ती भिंतींवर आपटून कोपऱ्यात फुगते आणि मधे कुठेतरी जवळजवळ नाहीशी होते. ॲम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकर, कोपऱ्यात असेल तर साधा बेसही दणदणीत वाटतो. दोन-तीन पावलं इकडेतिकडे सरकून ऐका. आणि ॲम्प बेसचाच हवा, गिटारचा नाही. हा आग्रह जे दुकान हसण्यावारी नेतं, तिथून काही घेऊ नका.

आता माझा अनुभव. मुंबईतलं मोठं दुकान होतं. नाव लिहीत नाही. मला ‘जे’ टाइपचा, म्हणजे दोन पिकअपचा बेस हवा होता. (पिकअप म्हणजे तारांखालची चुंबक आणि तारेची गुंडाळी, जी कंपन टिपून ॲम्पकडे पाठवते.) कोकणकन्येने पहाटे उतरलो आणि दुकान उघडताच दारात हजर झालो. विक्रेत्याचा पहिला प्रश्न, ‘बजेट काय?’ दुसरा, ‘आजच घेणार ना?’ कुठे वाजवता, कसलं संगीत वाजवता, हे त्याने विचारलंच नाही. काचेमागचा बेस काढला आणि गिटारच्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पला लावून दिला. बेसचा ॲम्प मागितला तर तो ‘गोडाऊनला आहे’. शेजारी एक जण ड्रमवर हात साफ करत होता. त्या गोंधळातही बेस चांगला वाटला. पैसे भरले, आणि हातात आला तो दुसराच, सीलबंद खोक्यातला. ‘डिस्प्लेचा पीस देत नाही सर. हा सेमच आहे.’ हा उघडून लावून दाखवा म्हटलं, तर ‘सील तोडलं की वॉरंटी जाते.’ विक्रेता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

घरी आल्यावर तो बेस वाजवला. पुढचा पिकअप एकटा उघडला की आवाज गोल, भरलेला. मागचा एकटा उघडला की जरा कडक, स्पष्ट. दोन्ही जसे असायला हवेत तसेच. पण दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की तळ एकदम नाहीसा व्हायचा. पातळ, नाकातला आवाज उरायचा, आणि वर घुंऽऽ असा हम वाढायचा. एक नॉब जरासा मागे घेतला की आवाज परत भरायचा.

ज्याला बेस कळतो त्याला एवढ्या वर्णनावरून दोष कळावा. दोन्ही पिकअप एकाच तारेचं कंपन टिपतात. एकाची जोडणी उलटी झाली की एक ‘वर’ म्हणतो तेव्हा दुसरा ‘खाली’ म्हणतो, आणि दोघांची बेरीज केली की तळाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. रहाटावर दोघांनी दोर उलट्या दिशांना ओढावा तसं. शिवाय ‘जे’ टाइपमध्ये हे दोन पिकअप मुद्दाम असे गुंडाळलेले असतात की दोन्ही पूर्ण उघडले की घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर आपोआप रद्द व्हावी. जोडणी उलटली की नेमकं उलटं होतं, सूर रद्द होतो आणि घरघर दुप्पट होते. मी ऐकत होतो ते अगदी हेच.

दुकानात फोन केला. पहिल्याने सांगितलं, ‘तुमच्याकडे अर्थिंग नसेल.’ दुसरा म्हणाला, ‘कोकणात ना? तिकडची हवा दमट, त्याने होतं.’ तिसऱ्याने ‘बेसचा आवाज असाच असतो सर, सेटिंग शिका’ असं सांगितलं. मी वीस वर्षांवर बेस वाजवतोय हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. आवाज रेकॉर्ड करून पाठवला, एकेक पिकअप वेगळा आणि मग दोन्ही एकत्र. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. परत फोन केला तर वितरकाशी बोला, वितरक म्हणे ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याशी बोला. शेवटी ‘पाठवून द्या, बघू. कुरिअर तुमचं, किती दिवस लागतील सांगता येणार नाही.’ गणपती तोंडावर आले होते. त्या दिवसांत बेस हातातून सोडणं शक्यच नव्हतं.

मग आमच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आयुष्यात बेस उघडलेला नव्हता. मी कागदावर जोडणी काढून दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती नीट बघितली, नॉबची पट्टी उघडली आणि आधी प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते बोटाने चाचपत मोठ्याने स्वतःलाच सांगितलं. मागच्या पिकअपच्या दोन वायरी सोडवल्या, उलट्या करून परत डाग दिला. पट्टी न लावताच म्हणाले, ‘वाजव बघू.’ दोन्ही नॉब पूर्ण उघडले. घरघर गेली आणि खालचा ई त्यांच्या टेबलावरच्या स्क्रूच्या डब्या थरथरवत वाजला. ‘आता येता मरे!’ काका म्हणाले. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी बळेच दिले.

कारखान्यात चूक होऊ शकते, माणसंच असतात तिथे. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. वाद्यं विकणाऱ्या त्या एवढ्या मोठ्या दुकानात एकालाही आवाज ऐकावासा वाटला नाही. ऐकला असता तर दोष फोनवरच कळला असता आणि ‘जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून दोन वायरी फिरवून घ्या, बिल आम्हाला पाठवा’ एवढ्यावर काम झालं असतं.

याउलट म्हापशाकडचं एक अगदी लहान दुकान मला माहीत आहे. तिथले मालक बेस विकला तरी लगेच देत नाहीत. समोर बसवून तारा ट्यून करतात, ॲलन पाना घेऊन नेक, म्हणजे बेसची लांब दांडी, बघतात, बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबून आणि नुसती स्पर्शून दोन्ही सूर जुळतात का ते पाहतात, नसतील तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागेपुढे करतात. मग म्हणतात, ‘पाऊस लागल्यावर परत घेऊन ये.’ आमच्याकडची बरीच मुलं आता तिथेच जातात.

पावसाचं ते खरंच म्हणतात, आणि ‘दमट हवा’ हे कारण सरसकट खोटं नाही. जून ते सप्टेंबर नेकचं लाकूड पाणी पितं आणि नेकचा बाक बदलतो. मग तारा एकतर उंच होतात किंवा फ्रेटवर खडखडतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळी, घड्याळाच्या दिशेने फिरवला की नेक सरळ होतो, उलट फिरवला की बाक वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि नट जड लागला तर थांबा. खाऱ्या हवेने तारा गंजतात, जॅक आणि नॉब खरखरतात. वाजवून झालं की तारा सुती कापडाने पुसा, बॅगेत सिलिका जेल ठेवा, वर्षातून एकदा नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हे सगळं हवेमुळे होतं. पण हवा पिकअपच्या वायरी उलट्या लावत नाही. कुठला दोष हवेचा आणि कुठला मालाचा, हे सांगता येणं हेच दुकानदाराचं काम आहे.

दुकानात बसलात की बेस मांडीवर घ्या आणि जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि अगदी शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट हवी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, घाई करू नका. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच विझतो का बघा, बऱ्याच बेसवर तिथे अशी जागा असते. पिकअप एकेक ऐका, मग दोन्ही पूर्ण उघडून ऐका. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला बेस असेल तर नवी नऊ व्होल्टची बॅटरी घालायला लावा, कारण उतरलेल्या बॅटरीवर आवाज फाटतो आणि चांगला बेसही वाईट ठरतो. (घरी वाजवून झालं की केबल काढून ठेवत जा. जॅकमध्ये पिन राहिली की बॅटरी उतरत राहते.) आणि हे सगळं तुम्हाला मिळणाऱ्या पीसवरच करा. दुकानदार नाही म्हणाला तर बाहेर या.

बिल पक्कं घ्या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. मुदत बिलावर असेल ती, बिलावर नसेल तर ३० दिवस. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जायची वेळ आली तर मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. फोनवर झालेलं बोलणं मेसेजमध्ये लिहून दुकानाला पाठवत राहा, तेच पुढे उपयोगी पडतं.

आता ‘कुठला’. आपल्याकडे मोकळ्या मैदानातला मांडव, जनरेटरची वीज आणि खारी हवा, हे धरून मी पहिला बेस पी टाइपचाच, म्हणजे प्रिसिजन बेसच्या धाटणीचा, घ्या म्हणतो. अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला आणि १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप बसवला. ते दोन तुकडे मिळून घरघर आपापसातच रद्द करतात, त्यामुळे एकाच पिकअपमध्ये शांत, भरीव आवाज मिळतो. पॅसिव्ह घेतलात तर बॅटरी नाही, एक व्हॉल्यूम, एक टोन, बिघडायला फारसं काही नाही. कंपनी कुठलीही चालेल, वर सांगितलेल्या चाचणीत टिकली पाहिजे. सगळे पैसे बेसवर घालू नका. नव्या तारांना, सेटअपला आणि एका डीआय बॉक्सला (बेस आणि मिक्सर यांच्या मधे लावायची छोटी पेटी) राखून ठेवा. पॅसिव्ह बेस साउंडवाल्याच्या मिक्सरच्या लाइनमध्ये थेट खुपसला की आवाज मलूल होतो, डीआय बॉक्स मधे असला की होत नाही. तो घेताना दुकानदाराला विचारा की हा कशासाठी लागतो. त्याला सांगता आलं, तर बेसही तिथूनच घ्या.