मुलाच्या अंगावर गाठ दिसली तर आधी कापू देऊ नका

भाच्याच्या मांडीत गाठ लागली तेव्हा आमच्या कोथरूडच्या घरात ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार होतं, पडला असेल, इंजेक्शनची असेल, रक्त साकळलं असेल, हळदीचा लेप लावा. दुखत नव्हती म्हणून सगळे निर्धास्त. पण दुखत नाही म्हणजे साधी असं नसतं हो, सार्कोमाच्या, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा भागांत होणाऱ्या कॅन्सरच्या गाठी बऱ्याचदा दुखतच नाहीत. गाठ वाढतेय, खोल आहे किंवा ५ सेंटीमीटरच्या वर गेलीय, तर लगेच दाखवा.

एका डॉक्टरांनी नुसता हात लावून सांगितलं, चरबीची गाठ आहे, काढून टाकू, संध्याकाळी घरी. ताईला ते पटेना. ती लहान मुलांच्या सर्जनकडे गेली आणि ते म्हणाले आधी एमआरआय, मग सुईने बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं, कापायचं नंतर बघू. कारण काय आहे ते न कळताच गाठ काढली तर कॅन्सरच्या पेशी मागे राहू शकतात, मग तिथेच परत, आणि आधीपेक्षा मोठं ऑपरेशन. सुई कुठून घालायची हेसुद्धा पुढचं ऑपरेशन डोक्यात ठेवून ठरवतात!

रिपोर्ट आला रॅब्डोमायोसार्कोमा, स्नायूसारख्या पेशींचा कॅन्सर. मुलांच्या सॉफ्ट टिश्यू (हाड सोडून स्नायू, चरबी अशा मऊ भागांच्या) सार्कोमात हाच जास्त दिसतो, तरी मुलांच्या एकूण कॅन्सरमध्ये जेमतेम ३ टक्के, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या पाहण्यात तो नसणारच. म्हणून बायोप्सीचा ब्लॉक परत तपासून घ्यायला ताई मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला गेली. ब्लॉक म्हणजे छोट्या प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेलं मेण आणि त्यात तो नखाएवढा तुकडा, कडेला नंबर. उन्हात मेण मऊ होईल म्हणून दादरपर्यंत तिने पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. फॉक्सओ१ जीनची टेस्ट तिथेच झाली, केमो किती कडक द्यायची ते बरंचसं त्यावर ठरतं.

आणि प्रत्येक गाठ वेगळी असते. तान्ह्या बाळांना इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा नावाचा वेगळा सार्कोमा होतो, त्यात बहुतेकदा एनटीआरके जीनचा बिघाड सापडतो आणि त्यावर नेमकं लॅरोट्रेक्टिनिब नावाचं औषध आहे, अमेरिकेत २०१८ ला मंजूर झालेलं. पण टेस्टच केली नाही तर हे कळणार कसं? म्हणून जीनची टेस्ट करायची का हे तोंडाने विचारा, आणि ब्लॉक-स्लाइड (त्याच तुकड्याच्या काचपट्ट्या) मागून घ्यायला अजिबात संकोच करू नका.

पैशाचं टेन्शन असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा, राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. रेशनकार्ड पहिल्या दिवसापासून फाइलमध्येच ठेवा.