अंगठा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून एका अनोळखी नंबरावरून मला कन्नडमध्ये निरोप यायला लागले. बहुतेक रविवारी, दुपारी दोनच्या सुमारास. म्हणजे माझा लेख गेल्यावर चार-पाच तासांनी.

मला कन्नड वाचता येत नाही. माहेर चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं. लग्न होऊन बेळगावात, वडगावला आले तेव्हा पदवी झाली होती. बाजारापुरतं बोलते, बसची पाटी आकारावरून ओळखते. वीस वर्षं इथे काढून अक्षरं शिकले नाही याची लाज वाटायला हवी होती, पण असं निभावून नेणारी इथे मी एकटी नाही.

आठवडाभर मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, क्वचित एखादा कवितासंग्रह. रविवारी सकाळी मात्र स्वतःचं लिहून ऑनलाइन सोडते. विषय ठरलेला: या पट्ट्यातली कामं, अवजारं, सणवार, खाणं आणि त्यांचे शब्द. शेवटी माझा फोन नंबर असतो. वाचक नऊशेच्या वर गेले तेव्हा मी एक वही घातली. वर्षाचे तीनशे रुपये कोण देतं, लेख पुढे कोण पाठवतं, कौतुक कोण करतं, अशी खानेसुमारी. ‘धन्यवाद, असाच लोभ असू द्यावा’ हे वाक्य फोनमध्ये साठवून ठेवलं होतं. ज्याचा निरोप येईल त्याला ते चिकटवायचं. लोक खूश, मीही खूश. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणाऱ्या बाईला आपल्या चुका शोधणारं कुणी नाही, हे कधी खटकलंच नाही.

कन्नड निरोपांचं वेगळं होतं. त्याआधी एका गावाच्या नावावर लिहिलं होतं, तेव्हा कन्नड लिपीतच दोन निरोप आले होते. शेजारच्या वहिनींकडून वाचून घेतले. त्यांनी पहिला अर्धा वाचला आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, काय करायचंय ऐकून.” तेव्हापासून त्या लिपीतलं जे येईल ते सगळं मी एकाच गाठोड्यात बांधलं. या नव्या नंबराचा पहिला निरोप एकदा फोनच्या भाषांतरात घालून पाहिला. जे बाहेर आलं त्याला शेंडा ना बुडखा. मग मी तोडगा काढला. निरोप आला की खाली अंगठा टाकायचा, तो पिवळा. वाचायचं नाही, भांडायचं नाही.

एक नोव्हेंबरला मात्र रविवार नसताना निरोप आला, आणि चांगला लांबलचक. इथे या तारखेला फोन वाजला की पोटात गोळा येतो. 1956 साली त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. एकाच रस्त्यावर एकीकडे कन्नडांच्या राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिन, असं बेळगाव तेव्हापासून बघत आलंय. मी फोन पालथा घातला. त्या दिवशी अंगठाही दिला नाही.

पुढच्या रविवारी मी आत भाकऱ्या थापत होते. मुलगी बाहेर माझा फोन घेऊन बसली होती. ती आठवीत, इंग्रजी माध्यमात, कन्नड विषय घेतलेली. मोठ्याने हसायला लागली. “आई, ह्या माणसाला कन्नड येतच नाही! ऐक. ‘भातअ… रोपअ… लावतअ न्हाईतअ.’ आणि पुढे ‘तुमी लिवलम् ते चुकलम्’. हे काय आहे?”

माझे हात परातीतच थांबले.

“परत वाच. शेवटचा ‘अ’ सोडून वाच.”

“भात… रोप… लावत न्हाईत.” मग तीही थांबली.

कन्नड वाचताना शब्दाच्या शेवटचं अक्षर आपण मराठीत उच्चारतो तसं तुटत नाही, ‘घर’ लिहिलं तर ‘घरअ’ वाचायचं. आणि शेवटचा अनुस्वार म्हणजे सरळ ‘म्’. त्यामुळे आपलं ‘चुकलं’ तिच्या तोंडी ‘चुकलम्’ झालं होतं. डोळ्यांनी ती लिपी बघून पाच महिने मी घाबरत होते, आणि स्वयंपाकघरातून नुसत्या कानाने ऐकलं तर मराठी! तीही आमच्या आजोळच्या माणसांसारखी, आडवळणाची. फोनचं भाषांतर कन्नड शोधत बसलं होतं, त्याला ते कुठून सापडणार?

तव्यावरची भाकरी करपली. गॅस बंद करून मी तिच्याशेजारी बसले आणि आम्ही जूनपासून सुरुवात केली. एकूण तेवीस निरोप.

पहिला असा: ‘तुमी लिवलंय की बेळगाव भागात भाताची रोपं लावतात. आमच्याकडं लावत न्हाईत. वळीव पडला की कुळवून घ्यायचं आणि कुरीनं पेरायचं, धूळवाफ. रोपलावण चंदगडाकडं, तितं पाऊस लई. तुमचं माहेर तिकडचं असणार.’

माहेराचं मी कुठेच लिहिलं नव्हतं.

दुसरा: ‘तिफण म्हणू नका. तीन फण ती तिफण. आमची कुरी चार फणांची.’ तिसऱ्यात एका बसप्रवासाच्या लेखावर सांगितलं होतं की आपण चौतीस वर्षं कंडक्टर होतो आणि मी लिहिलेल्या थांब्यांचा क्रम उलटा आहे. (तो उलटाच होता. मी नंतर तपासला.) कोजागिरीच्या आटीव दुधावर लिहिलं होतं, त्यावर आलं होतं: ‘आमी त्या पुनवेला शीगी म्हणतो. भुईला डोहाळे लागतात, तवा रानात जेवण घेऊन जायचं आणि चरग टाकायचा, म्हंजे रानाला निवद शिंपायचा. दूध पिऊन गच्चीवर बसायचं शहराकडं.’

मुलगी वाचत होती, मधेच अडखळून हसत होती. मीही हसत होते. मग मधला एक राहून गेलेला सापडला, ऑगस्टातला.

‘मालकीण न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं, सळी घातली. या रविवारचा लेख वाचायचा ऱ्हायला.’

त्याच्या खाली माझा पिवळा अंगठा.

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. पुढचा निरोप दोन आठवड्यांनंतरचा होता: ‘अंगठा पोचला. लेख दोनी वाचले. एक हिला वाचून दाखवला, दवाखान्यात.’

मी उठून पाणी प्यायले. एक नोव्हेंबरचा निरोप ऐकायचं धाडस व्हायला जरा वेळ लागला. त्यात राजकारणाचा र नव्हता. कापून पाडलेल्या भातावर पाऊस आला होता. किती भिजलं, कसं पालटून वाळवलं, नातवाने ताडपत्री कुठून आणली, हे सगळं. शेवटी: ‘अवकाळी पावसावर लिवा कदी तरी. खरं धूळवाफ बरोबर लिवा.’

फोन लावला. तिकडून “हॅलो.” मी नाव सांगितलं. थोडा वेळ काहीच नाही. मग:

“मुलगी हाय न्हवं तुमाला? कितवीला?”

“आठवीला.”

“तिनंच वाचलं असणार.”

मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. मळणीला या.”

दोन आठवड्यांनी आम्ही दोघी गेलो. बेळगावहून खानापूर, तिथून बिडीकडे जाणारी बस. खानापूरच्या पुढे पूर्वेला निघालं की झाडी विरळ होत जाते आणि बसमधल्या बोलण्यात कन्नड वाढत जातं. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांनी नको म्हटलंय. “वर्षात एकदा कोण तरी येतंय ते बरं हाय, रोज नको.”

दारात त्यांच्या मालकीण काठी टेकून उभ्या होत्या. मला आपादमस्तक बघून आत हाक दिली, “अहो, अंगठा दाखवणारी बाई आली बघा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐनवेळी अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे मराठीत कुणाला सांगायला नको. बाईंनी ते मुद्दाम म्हटलं की सहज, आजही ठाऊक नाही. चहाबरोबर उकडलेल्या शेंगा पुढे केल्या आणि म्हणाल्या, “त्यो शेंगोळ्याचा लेख बरा होता. पातळ करता तुमी, खरं बरा होता.”

मामा (त्यांना तेच म्हणते) सत्तरी ओलांडलेले. घरची भाषा मराठी, शाळा कन्नड, सातवीपर्यंत. देवनागरी शिकले ती हरिपाठावरून, भजनाला बसून. “वाचाय येतंय. लिवायची वेळच कदी आली न्हाई. तिकीट फाडाय काय लिवाय लागतंय? बसमदी जो चढंल त्याची भाषा बोलायची.” नातवाने फोनवर कन्नड अक्षरं बसवून दिली, त्यातच ते मराठी लिहितात. त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी आणि कविता कन्नड, हे मी लेखांत निदान चारदा कौतुकाने लिहिलंय. तेच माझ्या फोनवर दर रविवारी दोन वाजता येऊन उभं राहत होतं, तर ओळखलं नाही.

मग माळ्यावरून कुरी खाली काढली. खरंच चार फण. वर लाकडी चाडं, त्यातून चार नळ्या खाली फणांपर्यंत उतरलेल्या. चाड्यावर बियाणं धरायचं काम बाईंचं. मुठीतून दाणे एकसारखे सुटायला हवेत, हात अडला की तेवढी ओळ मोकळी राहते आणि ते पीक वर आल्यावर गावाला दिसतं. बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि रिकाम्या चाड्यावर मूठ धरून दाखवली. बोटं किंचित हलत होती. पुरतं मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मी तिफणीवर हजार शब्द लिहिले होते, चाड्यावर हात कसा धरतात हे त्यात कुठेच नव्हतं.

निघताना मामांनी एक वही दाखवली. माझ्या प्रत्येक लेखाची तारीख, पुढे कन्नड अक्षरांत चार-दोन ओळी. मुलीने वाचायला हात पुढे केला तर त्यांनी ती मिटली. “घरच्या घरी असू दे.”

“पैसे फोनवरनं धाडाय जमत न्हाई मला,” म्हणाले, आणि पाच किलोची तांदळाची पिशवी दिली. तो तांदूळ माझ्या खानेसुमारीच्या कुठल्या रकान्यात लिहायचा, हा प्रश्न बसमध्ये पडला. घरी येऊन ती वही रद्दीत घातली.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. तयार धन्यवाद फोनमधून काढून टाकला. नऊशे जणांना उत्तर देणं मला शक्य नाही आणि तसं सोंगही आणत नाही, पण जे लिहिते ते त्या माणसाच्या निरोपातलं एक तरी वाक्य धरून. लेख सोडल्यावर रविवारी दुपारी दुसरं काही काढत नाही, आलेलं वाचते. चूक कळली की पुढच्या लेखात पहिल्याच ओळीत. धूळवाफेवर नव्याने लिहिलं तेव्हा सुरुवातीलाच सांगितलं की आधीचं चुकलं होतं आणि ते बिडीकडच्या एका निवृत्त कंडक्टरांनी दाखवून दिलं. दोघांनी वर्गणी बंद केली. एकाने कळवलं, लेखक इतका चुकत असेल तर पैसे कशाला द्यायचे. त्यालाही उत्तर दिलं, तयार वाक्य न वापरता. रोज सकाळी सूर्यफुलाचं चित्र आणि शुभ सकाळ पाठवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचं मात्र काय करावं ते अजून सुचलेलं नाही.

आणि बाराखडी घेतली. मुलगी शिकवते, चुकलं की अगदी शिक्षिकेसारखी उसासा टाकते. मी मामांना म्हटलं होतं, नातवाकडून फोनवर देवनागरी बसवून घ्या. ते म्हणाले, “मी सत्तरीत शिकू? तुमी पंचेचाळिशीच्या, तुमीच शिका की.”

परवाच्या रविवारी चाड्यावरचा लेख गेला. दोन वाजून दहा मिनिटांनी निरोप आला. मुलगी शिकवणीला गेली होती. मी चष्मा लावला, पाटी घेतली आणि एकेक अक्षर उतरवून काढायला बसले. पंधरा मिनिटांनी पहिला शब्द लागला.

‘चुकलम्.’

पुढचं लावतेय.