तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशन न करता रिंगवर कशी राहते

"एकदाचं ऑपरेशन करून मोकळी हो की, ती रिंग काय जन्मभर घालून फिरणारेस?" बहिणीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून एकदा नीट लिहितेच.

अंग बाहेर येतं म्हणतो ना आपण, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकते, तोच त्रास. बाळंतपणांनंतर थोडा होताच, पाळी गेल्यावर वाढला, संध्याकाळपर्यंत खाली जड जड व्हायचं आणि लघवी झाली तरी पूर्ण झाल्यासारखी वाटायचीच नाही. डॉक्टरांनी दोन्ही उपाय समजावले, मी पेसरी घेतली. सिलिकॉनची मऊ रिंग असते, योनीत आत बसवली की गर्भपिशवीला आधार देते. बसवल्यावर मॅडमनी मला खोकायला लावलं, उकिडवं बसायला लावलं, जिना चढून उतरून ये म्हणाल्या आणि मग लघवीला पाठवलं, कारण रिंग सरकतेय का, लघवी अडतेय का हे तिथल्या तिथे कळायला हवं. नाहीच जमली तर साइज बदलतात. नीट बसली की आत काही आहे हे जाणवतसुद्धा नाही.

पण बसवली आणि विसरून गेली असं कृपा करून करू नका गं. मी माझी स्वतः काढते, एक पाय स्टुलावर ठेवायचा, बोटाने पुढची कड पकडायची, दुमडून अलगद खाली ओढायची, साबणाने धुवायची, रात्रभर बाहेर ठेवायची. ज्यांना हे जमत नाही त्यांनी तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून काढून आतून तपासून घ्यायचं. पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ होते, रिंग घासून जखम होऊ शकते, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. रक्त दिसलं, घाण वास आला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. वर्षानुवर्षं आत राहून गेलेल्या रिंगमुळे मूत्राशयाला भोक पडल्याच्याही केसेस आहेत.

रिंगने दुखणं बरं होत नाही, काढली की अंग परत खाली येतं. नेदरलँड्समधल्या अभ्यासात (2022) दोन वर्षांनी पेसरीवाल्या सुमारे 76 टक्के बायकांना बरं वाटत होतं, ऑपरेशनवाल्या 81 टक्क्यांना, आणि पेसरीवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी मधेच ऑपरेशन करून घेतलं होतं. मलाही कधी करावंसं वाटलं तर रस्ता मोकळा आहेच, आज मला गरज वाटत नाही एवढंच.

आणि नवऱ्याबरोबरच्या संबंधांचं विचारता, तर अशी साधी रिंग आत राहिली तरी चालते, मी आधी काढून ठेवते.