तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीने पोहणं का सोडलं

गणपतीत विचारलंत, दिवाळीच्या फराळाला विचारलंत, नाशिकहून मेहुण्याने तर दोनदा फोन करून विचारलं: "एवढी वर्षं पहाटे उठून पोहायला नेलंत, मग शेवटच्या वर्षी सोडलं कसं?" विचारण्यात काळजी असते, मान्य. पण तिच्याखाली 'पोरगी दमली वाटतं' किंवा 'कुणीतरी भेटला वाटतं' हेही ऐकू येतं. "अभ्यास वाढला" असं सांगून मी आजवर वेळ मारून नेली. ते खोटं होतं. तिचा अभ्यास पहिल्या वर्षापासून वाढलेलाच होता.

तिने काही सोडलं नाही. अमेरिकेतल्या तिच्या कॉलेजाची पोहण्याची टीमच उरली नाही. एवढं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग दुसऱ्या कॉलेजात का नाही गेली?" त्याचं उत्तर लांब आहे, आणि त्यात माझी शोभा आहे.

४ ऑगस्ट २०२३. इथे कॉलेजं खेळतात ती कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात सामने खेळून टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्या कॉलेजांच्या गटात. त्या दिवशी पश्चिमेकडची पॅक-१२ ही कॉन्फरन्स फुटली. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये, सगळं एका दिवसात जाहीर झालं. यूएससी-यूसीएलएने वर्षभर आधीच जायचं ठरवलं होतं, कोलोरॅडोने आठवडाभर आधी. आमचा शेजारी ओरेगन स्टेटचा माजी विद्यार्थी. कुंपणापलीकडे पाइप धरून उभा होता, आणि सगळं पाणी एकाच गुलाबाच्या बुंध्यात चाललं होतं. मी त्याला काय म्हणावं? "बाजार आहे रे. जो जास्त देईल तिकडे जाणार. मी नाही का वीस वर्षांत पाच कंपन्या बदलल्या?" तो हसला नाही. ओरेगनचं युजीन ते ओरेगन स्टेटचं कॉर्व्हॅलिस जेमतेम तासाभराचा रस्ता, आणि आता युजीनच्या पोरी कॉन्फरन्सची मॅच खेळायला न्यू जर्सीपर्यंत उडणार होत्या. महिन्याभरात कॅलिफोर्नियातली, पॅसिफिकच्या बाजूची स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. नावातच अटलांटिक आहे हो! १९१५ पासून चालत आलेल्या पॅक-१२ च्या घराण्यात ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट अशी दोनच माणसं मागे राहिली.

(मेहुणा म्हणतो, "आयपीएलसारखंच की हे." नाही. मुंबईची टीम जास्त पैसे मिळतात म्हणून उठून दुसऱ्या देशाच्या लीगमध्ये जात नाही.)

तेव्हा मला वाटलं, आपल्याला काय त्याचं? पोरीचं कॉलेज छोटं, टीव्हीवर कुणी न बघणारं. पण बसच्या रांगेत पुढून ढकललं की मागचा पडतो. मागे राहिलेल्या त्या दोघांनी कॉन्फरन्स जगवायला माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्समधून पाच कॉलेजं उचलली. माउंटन वेस्टने बिग वेस्ट कॉन्फरन्समधून हवाई आणि यूसी डेव्हिस घेतली. बिग वेस्टने आणखी खालून युटा व्हॅली ओढलं. वरून मार खायचा आणि खालच्यावर हात टाकायचा. अशा वाटेत आपलं कॉलेज कुठे पडेल या भीतीने सगळ्यांनी पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळवला. पोहण्याच्या टीमला कुठली कॉन्फरन्स बोलावणार?

त्यातच हाऊस खटल्याची, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंनी आपल्या पैशासाठी लढलेल्या खटल्याची, तडजोड येऊ घातली होती. जून २०२५ मध्ये कोर्टाने ती मान्य केली, पण हिशेब आधीच सुरू झाले होते: खेळाडूंना थेट पैसे, ज्या कॉलेजांना परवडेल त्यांनी पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मी या पैशाच्या विरोधात नाही, हे लिहून ठेवा. फुटबॉलच्या पोरांच्या गुडघ्यांवर सगळ्यांनी इमारती बांधल्या, त्यांना मिळायलाच हवं. मात्र कात्री कोचच्या पगाराला लागत नाही, ती तलावाला लागते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली कॉलेजने पोहण्याची टीम मार्च २०२५ मध्येच बंद केली. ती बातमी मी चहा पिताना वाचली आणि पान उलटलं.

आमचा दिवस एप्रिलमधला मंगळवार होता. मी मीटिंगमध्ये. दहा वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला, मी कापला. सात मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी "मीटिंग, नंतर" असा मेसेज टाकला. मग मेल उघडली. पालकांना पाठवलेलं पत्र होतं, दीड पान. 'बदलतं चित्र', 'दीर्घकालीन स्थैर्य', 'कठीण निर्णय'. असली पत्रं मी ऑफिसात स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे तिसऱ्या ओळीलाच कळलं. मुलींना एका वर्गात बसवून अकरा मिनिटांत सांगितलं होतं. कोचलाही त्याच सकाळी कळलं. स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू राहील असं लिहिलं होतं आणि त्यांनी तो शब्द पाळला. तेही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं म्हणाल.

मग मी काय केलं? लगेच फोन केला असता तर आज हे लिहीत बसलो नसतो. मी एक्सेल उघडलं. चोवीस कॉलेजं, तिच्या २०० यार्ड बटरफ्लायच्या वेळेशी जुळणारी. रकाने: अंतर, किती क्रेडिट चालतील, स्कॉलरशिपची शक्यता, कोचचा ईमेल. ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंनी नाव नोंदवायच्या यादीची, मुदत लाल रंगात. दुपारी तीनला तिला पाठवलं आणि मग फोन केला. ती तलावावरून बोलत होती. तलाव उघडाच होता, गावातल्या आजीबाईंचा व्यायामाचा वर्ग चालू होता. तिने तोवर चार हजार यार्ड मारले होते, एकटीने.

"शीट बघितलीस?" मी विचारलं.

"बघितली."

"मग?"

"बाबा, यातल्या कुठल्या कॉलेजात पुढच्या वर्षी टीम असेल, त्याचा रकाना नाहीये."

मी सांगितलं, पहिली सहा तरी सुरक्षित आहेत. ती म्हणाली, "आपलंही होतं." आणि मग तिने मला शेजाऱ्याची ती संध्याकाळ ऐकवली. त्या दिवशी ती पायरीवर बसून सगळं ऐकत होती, मला माहीतच नव्हतं. "तुम्हीच म्हणालात ना, बाजार आहे? मग मी आत्ता बाजारात नाही जात. मला इथेच इंजिनिअरिंग संपवायचंय, याच मैत्रिणींबरोबर." तिसऱ्या वर्षाची क्रेडिट्स अर्धीच चालणार होती, हे कारण तिने नंतर दिलं. माझ्या समाधानासाठी दिलं असावं.

मी रागावलो. बारा वर्षं, पहाटे पाचचा गजर, क्लबची फी, हे सगळं बोललो. बोलायला नको होतं. तरी मला अजूनही वाटतं की तिने एक वर्ष कुठेतरी काढायला हवं होतं. मी जाणाऱ्यांना शहाणं म्हणतो, आणि ज्यांना मागे टाकून ते गेले त्यांच्यात पोरगी निघाली की रडतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र नीट बसत नाही. शेजाऱ्याची मी माफी मागितलेली नाही. त्याच्या ओरेगन स्टेटची बेसबॉल टीम २०२५ मध्ये कुठल्याही कॉन्फरन्सशिवाय खेळून ओमाहापर्यंत, म्हणजे देशाच्या अंतिम स्पर्धेपर्यंत, गेली. तेव्हा त्याने मला कुंपणावरून टोपी दाखवली होती. मी अंगठा वर केला, एवढंच.

तर हे असं आहे. पुढच्या वेळी फराळाला तिला विचारू नका, मला विचारा. आणि धाकट्याला पोहण्यात घालताय का, असं विचारणार असाल, तर तो आधीच जातो. उद्या सव्वापाचला सोडायचंय.