दीड मीटर रुंदीची गाडी

आळेफाटा मागे टाकून बोट्याला हायवे सोडला, ब्राह्मणवाड्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा कुठे माझ्या जुन्या जिप्सीतला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. चाकणच्या गर्दीत आणि पुढे ट्रकांच्या गोंगाटात तो दबून गेला होता. बायको म्हणाली, "स्टेपनी हलतेय का रे?" मी म्हटलं, "असेल."

स्टेपनी नव्हती, हे मला चांगलं माहीत होतं. डाव्या मागच्या पाट्याचा, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा शॅकल (जोडकडी) चॅसीला, गाडीच्या सांगाड्याला, जिथे धरतो, तिथे दोनदा वेल्डिंग झालंय. निघायच्या आधी मिस्त्रींना दाखवलं, तर ते गाडीखालून सरकत बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, तिसऱ्यांदा पण मारून देतो, पण ते धरणार कशाला? आतून पत्राच उरला नाही."

माझी मारुती जिप्सी २००३ सालची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या) इंजिनवाली. मी सेकंडहँड घेतली तेव्हा तिला तीन वर्षं झाली होती. कागदपत्रांची अडचण म्हणाल तर नाही. पंधरा वर्षं झाल्यावर २०१८ मध्ये आणि मग २०२३ मध्ये पुन्हा नोंदणी केली, ग्रीन टॅक्स भरला. दुसऱ्या वेळी सहाशेची फी पाच हजार झालेली पाहून घशाखाली घास उतरेना, पण भरली. आता २०२८ पर्यंत कायद्याने ती रस्त्यावर धावू शकते. चॅसीला मात्र कायदा कळत नाही. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात, त्या मी एकदा सगळ्या बदलून घेतल्या आहेत.

तर ठरलं असं: दिवाळी उलटून गेल्यावर भंडारदऱ्याला जायचं. मेव्हण्याची महिंद्रा थार येणार, माझ्या एका जुन्या मित्राची मारुती जिम्नी येणार. दोन दिवस सगळ्या गाड्या सगळ्यांनी चालवायच्या आणि माझ्या जिप्सीच्या जागी काय आणायचं ते ठरवायचं. मेव्हण्याने हे आधीच ठरवून टाकलं होतं. त्याच्या मते ही सहल म्हणजे माझी समजूत काढण्याचा कार्यक्रम होता.

ब्राह्मणवाडा ते कोतूळ हा रस्ता मला फार आवडतो. डोंगर अजून लांब असतात, पण जमीन वरखाली व्हायला लागते. कोतूळच्या अलीकडे मित्राच्या ओळखीच्यांचं शेत आहे. रस्त्यापासून शेतापर्यंत बैलगाडीची वाट, मध्ये एक ओढा. परवानगी आधीच काढली होती. पुढचा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. तिथे रस्ता सोडून गाडी घालायची नसते, आणि घालणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले की माझं डोकं फिरतं. म्हणून जी काय मस्ती करायची ती या खासगी रानात.

ओढ्याच्या पलीकडे चढावर पावसाने दोन घळी पाडल्या होत्या, तिरप्या. म्हणजे पुढचं उजवं चाक एका घळीत उतरतं तेव्हाच मागचं डावं दुसरीत, आणि उरलेल्या दोन चाकांवर गाडीचा सगळा भार. मी खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक केले, म्हणजे तीही इंजिनाला जोडली गेली, फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग कमी) टाकला, पहिला गिअर. चढाच्या मध्यावर नेमकी घळीतली दोन चाकं अधांतरी झाली आणि गरागरा फिरायला लागली. साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या यंत्राचा, हा स्वभावच आहे. ज्या चाकाला काही काम नाही त्यालाच तो सगळा जोर देतो. (आमच्या एका जुन्या ऑफिसातही हीच पद्धत होती.) मागे घेतलं, थोडा वेग धरला, धाडधाड करत वर चढवली. मागून टक् नाही, चांगलं ठणठणीत ठक् आलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहिलं.

मग जिम्नी. मित्राने तीही फोर-लोमध्ये टाकली आणि जिथे मी अडकलो होतो तिथेच मुद्दाम थांबला. चाक हवेत फिरायला लागताच खालून कर्रकर्र असा आवाज आला. गाडी स्वतःच मोकळ्या चाकाला ब्रेक लावत होती, म्हणजे जोर आपसूक जमिनीवरच्या चाकाकडे गेला. दोन सेकंद विचार केल्यासारखं करून ती सावकाश वर आली. ना धाडधाड, ना धक्का. मला थोडं वाईट वाटलं. वीस वर्षं जे आपण पायाने आणि अंदाजाने करत आलो, ते काम डब्यात बसवलेल्या एका सर्किटने केलं.

थार तर चढली म्हणण्यापेक्षा चालत गेली. २.२ लिटरचं डिझेल इंजिन, मोठी चाकं, २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स. मेव्हण्याने काच खाली करून हात बाहेर ठेवला होता, एका हाताने स्टिअरिंग. वर पोचल्यावर म्हणाला, "भावजी, झालं की मग? उद्या बुक करू." मी चालवूनही पाहिली. खोटं कशाला बोलू, मजा आली. उंच बसतो आपण, बॉनेट समोर टेबलासारखं पसरलेलं, आणि पायाखाली इतका जोर की कुठलाही चढ आपलाच.

पण मग बायको मागच्या सीटवर बसायला गेली. तीन दारांची थार. पुढची सीट वाकवायची, पायरीवर चढायचं, कमरेत वाकून आत शिरायचं. ती शिरली, बसली, आणि आतून म्हणाली, "आईंना इथे क्रेनने ठेवायचं का?" माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. जिप्सीतही ती पुढेच बसते, आणि चढताना माझा हात धरून दोन शिव्या देते, पण चढते. थारच्याच पाच दारांच्या भावंडाचा, रॉक्सचा विषय मेव्हण्याने लगेच काढला. ती मी शोरूममध्ये पाहून आलोय. चार मीटर बेचाळीस सेंटिमीटर लांब. आमच्या सोसायटीत माझ्या जागेच्या पुढे खांब आहे आणि मागे वर्तकांची स्कूटर. विषय संपला.

संध्याकाळी राजूर मार्गे शेंडीला मुक्कामी पोचलो. हॉटेलच्या आवारात एक हिरवी फोर्स गुरखा उभी होती, नाकाजवळून वर गेलेला स्नॉर्केल (पाण्यातही इंजिनाला हवा देणारी नळी), छपरावर कॅरिअर. मालक नाशिकचे, माझ्याच वयाचे. त्यांनी आग्रहाने आत बसवलं, पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलची लॉक दाखवली. ती लावली की त्या जोडीतली डावी-उजवी दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, मग एखादं अधांतरी असलं तरी बिघडत नाही. माझ्या दुपारच्या फजितीवरचं खरं औषध हेच, आणि तेही सर्किटशिवाय. मन इथे घसरलं होतं, कबूल करतो. पण गुरखाची उंची दोन मीटरच्या वर आणि आमच्या बेसमेंटच्या तोंडाशी पाटी आहे, २.१ मीटर. वर कॅरिअर लावला की गेलंच. त्या गृहस्थांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "घर बदला."

रात्री नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. थंडी बऱ्यापैकी होती. जेवताना गप्पा जिप्सीवरच. मित्राने आठवण काढली ती मोखाड्याची. तिथे माझ्या मागच्या पाट्याला धरून ठेवणारा यू-बोल्ट तुटला होता, आणि रस्त्याकडेच्या एका वेल्डरने जाड सळई तापवून, वाकवून, आटे पाडून नवा करून दिला. दीड तास लागला. तो बोल्ट पुढे तीन वर्षं टिकला. मेव्हणा म्हणाला, "हे सगळं खरं, पण माझ्या गाडीचा यू-बोल्ट तुटतच नाही." खरंतर तिला पाटेच नाहीत.

जिप्सी भारतात १९८५ साली आली. लष्कराने घेतली, पोलिसांनी घेतली, रॅलीवाल्यांनी घेतली. ताडोब्याला तर आजही लोक 'जिप्सी बुक केली' असंच म्हणतात, मग समोर कुठली का गाडी येईना. सामान्य गिऱ्हाइकांसाठीचं बुकिंग २०१८ च्या अखेरीला थांबलं. नवे सुरक्षा नियम आणि धुराचे नियम तिला झेपणारे नव्हते. लष्करालाही तिच्या जागी दुसरी शोधताना सोपं गेलं नाही. त्यांनी २०१७ मध्ये तीन हजारांहून जास्त सफारी स्टॉर्मची ऑर्डर दिली, म्हणजे मूळ गाडीपेक्षा कितीतरी मोठी आणि जड. इतक्या मोठ्या फौजेची ही गत, मग माझं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाभोवतीचा फेरा. विल्सन धरणाचा हा जलाशय, शंभर वर्षांचा जुना. शेंडीहून मुतखेल, रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ उन्हात न्हात होतं, पुष्करिणीत पाणी काठोकाठ, मागे रतनगडाचा खुट्टा. इथूनच प्रवरा निघते. देवळावर लिहायला लागलो तर लेख वेगळ्याच वाटेला जाईल, म्हणून पुढे.

पुढे साम्रदकडे जाताना एका वाडीत खरी परीक्षा झाली, आणि ती आम्ही ठरवलेली नव्हती. भाताची कापणी जोरात होती. वाडीतला रस्ता सिमेंटचा, एकेरी, दोन्ही बाजूंना घरांचे ओटे. आणि रस्त्याच्या एका कडेला भाताचे भारे रचून ठेवलेले. पुढे तर रस्त्यावरच ताडपत्री अंथरून झोडणी चालली होती. सिमेंटचा रस्ता म्हणजे आयतं खळं. इथे पंधरा वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा खडी आणि चिखल होता, फोर-लोशिवाय गाडी निघत नव्हती. आता फोर-लोची गरज संपलेली, आणि अडचण निराळीच उभी.

जिप्सी पुढे होती. ओट्यावर बसलेल्या आजोबांनी हातानेच अंदाज घेतला आणि म्हणाले, "ही जाईल. हळू घ्या." मी घेतली. उजवा आरसा ओट्यापासून वीतभर, डावीकडे भाऱ्याच्या लोंब्या दाराला घासत सळसळल्या. निघाली. मित्राने जिम्नीचे दोन्ही आरसे मिटवले आणि तोही आला. झोडणाऱ्या बाईने ताडपत्रीचं एक टोक फक्त दुमडलं.

थार थांबली. आजोबा उठून पुढे गेले, गाडीकडे पाहिलं, भाऱ्यांकडे पाहिलं. "न्हाई व्हायची दादा. भारे हलवावे लागतील." दोन पोरं उठली. मेव्हणा खाली उतरला, आणि त्याचं हे मला मनापासून आवडलं, तो म्हणाला, "राहू द्या आजोबा, मी मागे घेतो." अर्धा किलोमीटर रिव्हर्स. पुढे तो मुतखेलच्या बाजूने उलटा फेरा मारून पांजरे, उडदावणे करत घाटघरला आला. आम्ही तोवर कोकणकड्यावर पाय सोडून बसलो होतो आणि त्याच्या वाटणीची भजी संपली होती.

तिथे बसल्या बसल्या मी मोबाइलवर आकडे काढले. जिप्सीची रुंदी १,५४० मिलिमीटर. जिम्नी १,६४५. थार १,८२०. गुरखा १,८६५. आजवर मी गाड्यांचे तक्ते वाचताना अश्वशक्ती पाहिली, टॉर्क पाहिला, पाण्यात किती उतरते ते पाहिलं. या ओळीवर नजर कधी थांबली नव्हती. पण वीस वर्षं जिप्सीने मला जिथे जिथे नेलं, त्यातल्या निम्म्या जागा तिच्या ताकदीमुळे नव्हे, अंगकाठीमुळे मिळाल्या. घाटातल्या एकेरी रस्त्यावर समोरून एसटी आली की मी साइडपट्टीला अंग चोरून उभा राहतो आणि ड्रायव्हर हात करून जातो. कुणाला काही हलवावं लागत नाही.

मेव्हणा आला, त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "वर्षातून एकदा भाताचे भारे आडवे येतात म्हणून माणूस गाडी निवडतो का?" मी म्हटलं, "वर्षातून एकदा घळीत चाक अधांतरी होतं म्हणून निवडतोच ना?" यावर त्याने भज्यांची चौकशी केली.

जिम्नीबद्दल माझ्या तक्रारी आहेतच. चार माणसांचं सामान तिच्यात मावत नाही. लांबी वाढवल्यामुळे उंचवट्यावर पोट टेकायची भीती थारपेक्षा जास्त. पावणेदोन टनांची थार हायवेवर जशी रेटते तसं इंजिन हिचं नाही. आणि मोखाड्याचा वेल्डर हिच्या सर्किटपुढे हात टेकेल. पण पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत, शिडीसारखी चॅसी आहे, फोर-लोचा दांडा हाताने ओढायचा आहे. नात्याने म्हणाल तर ती जिप्सीच्याच घराण्यातली, पुढच्या पिढीची. मॅन्युअल घ्यायची, ऑटोमॅटिकला गिअर चारच.

परत आल्यावर रात्री साडेनऊला मी टेप घेऊन बेसमेंटमध्ये गेलो. बायकोने दुसरं टोक धरलं. खांब ते भिंत, मग जिम्नीची रुंदी, दोन्ही बाजूंना दारं उघडायची जागा. बसत होती. वॉचमन काका विचारत होते, "काय हरवलं का?"

पुढच्या रविवारी शोरूममध्ये गेलो. आईही आली, गाडीत बसून पाहिली, हात न धरता. मी टोकनचा चेक लिहिला. समोरच्या मुलाने फॉर्म भरता भरता विचारलं, "सर, एक्स्चेंजला काही गाडी आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "नाही. काही नाही."