पान ८८, तळटीप ३

‘सोर शहर आज ओसाड असून तेथे मनुष्यवस्ती नाही.’

पान ८८, तळटीप ३. या एका ओळीने २०१९ च्या नोव्हेंबरातला माझा अख्खा दिवस खाल्ला.

मी नगरला एका छापखान्यात प्रुफं वाचतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दशक्रियेची कार्डं, आणि अधूनमधून चर्चची पुस्तकं. नगरात या धंद्यात राहायचं तर बायबल घरात नसलं तरी चालतं, टेबलावर मात्र लागतंच. नावं तपासायला दुसरं साधन नाही. बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्रेस्सर की नबुखद्नेस्सर, हा प्रश्न लेखकाला सोडवता येत नाही, तो माझ्यावरच येतो.

पुस्तक एका निवृत्त पाळकांचं होतं. संदेष्ट्यांनी परराष्ट्रांविरुद्ध सांगितलेली वचनं आणि ती कशी खरी ठरली, असा विषय. पदरच्या पैशाने ५०० प्रती काढायच्या होत्या. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं, आणि एक स्वल्पविराम हलवला तरी फोन करणारे. आम्ही सगळे त्यांना रेव्हरंड म्हणायचो.

सोरचं प्रकरण मी आदल्या दिवशीच हातात घेतलं होतं. इंग्रजीत या गावाला टायर म्हणतात, आणि ते ऐकलं की आपल्याला पंक्चरवाला आठवतो. मराठी बायबलने मात्र हिब्रूतल्या ‘त्सोर’च्या जवळचं नाव ठेवलं. अर्थ खडक. किनाऱ्यापासून पाऊण-एक किलोमीटरवर समुद्रातलं खडकाळ बेट, त्यावर फिनिशियन व्यापाऱ्यांचं शहर. इस्राएलचा राजा शलमोन याच्या मंदिराला गंधसरूचं लाकूड पुरवणारा हीराम इथलाच राजा. बदल्यात शलमोनाने त्याला गालीलातली वीस गावं दिली, ती बघून हीरामने नाक मुरडलं, हेही राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. शंखातल्या गोगलगायींपासून काढलेला जांभळा रंग ही इथली खासियत. यरुशलेमच्या मंदिराचा कर भरायलासुद्धा पुढे सोरचंच नाणं लागायचं, कारण त्याची चांदी खात्रीची. त्या नाण्यावर मेलकार्त या परक्या देवाचं मुंडकं होतं, तरी चालायचं. चांदीपुढे कुणाचं काय चालतं!

बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २७ वा अध्याय वाचताना मी कामाचं भान विसरलो. संदेष्टा शहरालाच जहाज म्हणतो आणि ते फळीफळीने बांधतो. डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानच्या ओक झाडांची, शीड मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, तागाचं, वल्हवणारे सीदोन आणि अर्वदचे. मग माल. तार्शीशहून चांदी, लोखंड, कथील, शिसं. दिमिष्कहून, म्हणजे दमास्कसहून, द्राक्षारस आणि पांढरी लोकर. शबाहून मसाले आणि सोनं. शिवाय हस्तिदंत आणि आबनूस. मार्केट यार्डातल्या अडत्याची चोपडी उघडून बसल्यासारखं वाटतं. आणि हे सगळं लादून झाल्यावर पूर्वेचा वारा सुटतो आणि जहाज भर समुद्रात फुटतं. शाप देणाऱ्याने शत्रूच्या मालाची इतकी मन लावून मोजदाद केलेली मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

याच यादीत यहूदा आणि इस्राएलकडून येणाऱ्या गहू, मध, तेलाच्या रांगेत मूळ हिब्रूत एक शब्द आहे: पन्नग. खाण्याचा काहीतरी जिन्नस. कुणी गोड वडी म्हणतं, कुणी भरड धान्य. रेव्हरंडांनी विद्वत्तेच्या भरात तो तसाच मराठीत ठेवला होता. मी समासात लिहिलं, ‘मराठी वाचक साप समजेल.’

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पारनेरकडचे एक निवृत्त नायब सुभेदार मुलीच्या लग्नाची पत्रिका तपासायला आले. खुर्चीत टेकले आणि माझ्यासमोरच्या पानावरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “हे तर लेबनान. हे सैदा, आणि हे खाली सूर. तुम्ही सोर का लिहिलंय?”

“तुम्हाला काय माहीत?”

“निळी टोपी घालून वर्षभर होतो ना तिथं. यूएनच्या शांतिसेनेत. आपली बटालियन डोंगराकडं, पण मी गाडीवर. नाकुराला मुख्यालयात जायचं तर वाटेत सूर. तिथले लोक सूरच म्हणतात.”

मी तळटीप ३ त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“वस्ती नाही? अहो, मी तिथं ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलोय.”

मग ते सांगत सुटले. रोमन लोकांचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, इकडच्या टोकाला उभं राहिलं तर तिकडचा माणूस मुंगीएवढा. समुद्रापर्यंत गेलेले दगडी खांब. छोटं बंदर, रंगीत होड्या, आणि धक्क्यावर मांडी घालून जाळं विणत बसलेला एक म्हातारा, ज्याने यांना खुणेनेच कॉफी विचारली होती. (२०२४ च्या ऑक्टोबरात त्या शहरावर बॉम्ब पडल्याची बातमी वाचली, तेव्हा मला आधी तो म्हातारा आठवला. मी त्याला कधी पाहिलेलाही नाही.)

बाराला रेव्हरंड प्रुफं न्यायला आले. पन्नगवर हसले, “बरं केलंत” म्हणाले. तळटिपेवर आले आणि चष्मा काढला.

“भाऊसाहेब, यात काय चूक आहे? सोर उघडा खडक होईल, जाळी पसरण्याची जागा होईल, पुन्हा बांधलं जाणार नाही. २६ वा अध्याय, १४ वं वचन.”

मी सुभेदारांची ओळख करून दिली. जाळ्यांचा विषय निघताच रेव्हरंडांचा चेहरा उजळला. “बघा! जाळी आहेत ना?”

“जाळी आहेत की साहेब,” सुभेदार म्हणाले. “पण ओसाड गावात जाळं वाळत घालील कोण?”

रेव्हरंड सहज हार मानणारे नव्हते. म्हणाले, आताचं गाव नवं, खरं जुनं सोर किनाऱ्यावरचं. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने त्याचेच दगड, लाकडं समुद्रात लोटून बेटापर्यंत बांध घातला. २६ व्या अध्यायात दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकतील असं लिहिलंच आहे. हे ऐकून सुभेदार हरखले, कारण ज्या रस्त्याने ते बंदरावर गेले तो त्या बांधाच्याच बाजूने होता. दोन्हीकडून वाळू साचत गेली आणि बेटाचं बेटपण गेलं. सात महिने वेढा चालला होता आणि शेवटी हजारोंना गुलाम म्हणून विकलं. ज्या सोरला आमोस या संदेष्ट्याने बंदिवान विकल्याबद्दल बोल लावला होता, त्याच सोरची माणसं बाजारात उभी राहिली.

युक्तिवाद चांगला होता, पण यहेज्केलाचं सोर समुद्राच्या मधोमध आहे. २७:४, तिच्या सीमा सागराच्या हृदयात. मी वचन दाखवलं. रेव्हरंड गप्प झाले, मग जरा चिडून म्हणाले, “तुम्ही प्रुफं वाचा, धर्मशास्त्र नको.”

बरोबरच होतं ते. पण नबुखद्रेस्सरच्या स्पेलिंगपायी मी तो राजा जिथे जिथे येतो ती सगळी वचनं आधीच काढून ठेवली होती. त्यात २९ व्या अध्यायातलं १८ वं होतं. पान उघडून मी ते नुसतं त्यांच्याकडे फिरवलं.

त्यांनी मोठ्याने वाचलं. सवयीचा, व्यासपीठावरचा आवाज. बाबेलच्या राजाने आपल्या सैन्याकडून सोरविरुद्ध भारी मेहनत करून घेतली, हरएक डोक्याला टक्कल पडलं, हरएक खांद्याची सालटी निघाली, तरी त्याला किंवा त्याच्या सैन्याला सोरकडून काहीच मजुरी मिळाली नाही. म्हणून देव त्याला मिसर देतो. शेवटच्या वाक्यापर्यंत आवाज साधा, घरातल्यासारखा झाला होता.

सुभेदारांचा हात आपल्याच खांद्यावर गेला होता. “पिठ्ठूचे पट्टे,” एवढंच म्हणाले.

हा वेढा १३ वर्षं चालला, असं जुना यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. इ.स.पू. ५७३ च्या आसपास तो उठला आणि हे वचन त्यानंतर दोनेक वर्षांचं. म्हणजे नबुखद्रेस्सर येऊन शहर लुटील असं सांगणाऱ्या माणसानेच, लूट काही हाती लागली नाही हे तारीख घालून लिहून ठेवलं. आधीचं वचन खोडलं नाही की झाकलं नाही. प्रूफरीडर म्हणून मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. लेखक आपलं जुनं पान तसंच ठेवून शेजारी नवं लावतो, हे मी क्वचितच पाहिलंय. मजुरीच्या शब्दावर मी जरा जास्तच अडकलो, कारण आदल्या वर्षीच्या एका स्मरणिकेचे माझे पैसे अजून यायचे होते.

चहा आला. रेव्हरंडांनी बशीत ओतून घेतला आणि बराच वेळ प्यायलाच नाही. “चाळीस वर्षं वाचतोय,” म्हणाले. “प्रवचनाला मात्र कधी घेतलं नाही.” मग, “लिहा.”

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: ‘बाबेलच्या दीर्घ वेढ्यानंतरही राजाला सोरमधून मजुरी मिळाली नाही (यहेज्केल २९:१८). बेट पडले ते इ.स.पू. ३३२ मध्ये, सिकंदराच्या हातून. सोर आज लेबनॉनमधील नांदते शहर आहे.’ थोडं थांबून त्यांनी आणखी एक वाक्य घातलं: ‘पौल येथे सात दिवस राहिला, निघताना स्त्रिया व मुलांसह सर्व शिष्यांनी किनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना केली (प्रेषितांची कृत्ये २१:४-५).’

टीप एका ओळीची सहा ओळींची झाली आणि पान ८८ पुढच्या पानावर सांडलं. अनुक्रमणिका पुन्हा करावी लागली. या गडबडीत सुभेदारांच्या पत्रिकेतला मुहूर्त मी तपासलाच नाही. १२.३५ चं १२.५३ झालेलं त्यांनीच पकडलं.

रेव्हरंड दारापर्यंत गेले आणि वळले. सुभेदारांना विचारलं, “तिथं मासे मिळतात का हो अजून?”

“मिळतात की. लालसर असतो, एवढासा. सुलतान इब्राहिम म्हणतात त्याला. तळून देतात, वर लिंबू.”

“काटे फार?”

“थोडे. पण डोक्यासकट खातात.”

रेव्हरंडांनी मान हलवली, आणि प्रुफांचं पाकीट काखेत मारून जिना उतरले.